लिंगयिनचे मंदिर आणि लोंगजिंगचा चहा : हांगझोऊच्या डोंगरांत एक दिवस

हांगझोऊला जाणाऱ्या बहुतेक प्रवाशांचा दिवस पश्चिम सरोवराच्या काठी सुरू होतो आणि तिथेच मावळतो. २०११ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवलेले हे सरोवर सुंदर आहे यात शंका नाही. पण आम्ही गेलो ते सरोवराच्या पश्चिमेला उभ्या असलेल्या डोंगरांसाठी. सतराशे वर्षांच्या आसपासची परंपरा सांगणारे लिंगयिन मंदिर याच डोंगरांच्या कुशीत आहे आणि चीनमधील सर्वांत नावाजलेला हिरवा चहा, लोंगजिंग, याच उतारांवर पिकतो. ही दोन्ही ठिकाणे शेजारी असणे हा योगायोग नाही. आठव्या शतकात लू यू या विद्वानाने चहावर जो ग्रंथ लिहिला, त्यात या भागातील चहाची नोंद करताना त्याने तिआनझू आणि लिंगयिन या दोन मंदिरांचीच नावे घेतली आहेत. इथला चहा आधी भिक्षूंचा होता, बाजाराचा नंतर झाला. म्हणूनच दिवसाची आखणी करताना मंदिर आधी आणि चहा नंतर, हा क्रम आम्ही जाणीवपूर्वक धरला.

माझी मुलगी नोकरीनिमित्त शांघायला राहते. तिने मार्गदर्शकासह एका दिवसाची सहल ठरवली आणि त्यासाठी मार्चचा शेवटचा आठवडा निवडला, त्याला कारण होते. एप्रिलच्या ४ किंवा ५ तारखेला छिंगमिंग हा सण येतो, त्या दिवशी लोक पूर्वजांच्या समाध्या झाडून-पुसून स्वच्छ करतात, आणि या सणापूर्वी खुडलेला चहा वर्षातला सर्वांत मोलाचा समजला जातो. सणाच्या सुट्टीत मंदिर गर्दीने ओसंडते, त्यामुळे त्याआधी काही दिवस जावे म्हणजे चहाची तोडणीही पाहता येते आणि मंदिरातही निवांतपणे उभे राहता येते. तयारी फारशी नव्हती. पासपोर्ट जवळ ठेवायचा, प्रवेशाची नोंदणी मार्गदर्शक करून ठेवणार, आणि शांघायच्या होंगछियाओ स्थानकावरून सकाळची जलद गाडी धरायची. तासाभरात आपण हांगझोऊमध्ये असतो. आमच्या मार्गदर्शक बाई मूळच्या हांगझोऊच्याच होत्या आणि इंग्रजी उत्तम बोलत होत्या. आम्ही भारतातून आलो आहोत हे कळताच त्यांनी ठरलेला क्रम थोडा बदलला आणि म्हणाल्या, "मग तुम्हाला आधी तुमच्याच एका माणसाकडे नेते."

तो माणूस म्हणजे हुईली. इसवी सनाच्या चौथ्या शतकात, साधारण ३२८ च्या सुमारास, भारतातून आलेल्या या भिक्षूने लिंगयिनची स्थापना केली असे मंदिराची परंपरा मानते. समोरचा चुनखडीचा लहानसा डोंगर पाहून तो चकित झाला आणि म्हणाला, हे तर आमच्या मगधातील गृध्रकूटाचे एक शिखर, हे इथे उडून कधी आले? तेव्हापासून त्या डोंगराला फेइलाई फेंग, म्हणजे उडून आलेले शिखर, असे म्हणतात. गृध्रकूट म्हणजे राजगीरची ती टेकडी, जिथे बुद्धांनी उपदेश केला. कथेत पुढे असेही आहे की लोकांचा विश्वास बसेना, तेव्हा हुईलीने गुहेतल्या पांढऱ्या वानराला हाक मारली आणि तो ओळखीच्या माणसाला भेटावा तसा बाहेर आला. बाईंनी कथा सांगून झाल्यावर तिच्यामागचे एक साधे निरीक्षणही सांगितले. आजूबाजूचे डोंगर वालुकाश्माचे आहेत आणि हे एकच शिखर चुनखडीचे, पाण्याने पोखरलेले, गुहांनी भरलेले. आसपासच्या खडकाशी न जुळणारा हा डोंगर परका वाटणे, आणि परक्या देशातून आलेल्या भिक्षूला तो आपला वाटणे, या दोन्ही गोष्टी मला अगदी स्वाभाविक वाटल्या.

डोंगराच्या पायथ्याशी हुईलीच्या स्मरणार्थ एक दगडी स्तूप आहे. आजची वास्तू १५९० मध्ये, मिंग काळात, पुन्हा बांधलेली. उंचीने ती लहान आहे आणि तिच्यापाशी गर्दीही नसते, कारण बहुतेक लोक थेट पुढच्या मोठ्या मंदिराकडे निघालेले असतात. मी तिथे हात जोडले. कोणत्या गावातून तो निघाला, समुद्राने आला की वाळवंटातून, याचा काही मागमूस उरलेला नाही. पण ज्या भूमीत तो राहिला तिने इतक्या राजवटी उलटून गेल्यावरही त्याची समाधी जपली आहे, ही गोष्ट मला मनापासून कृतज्ञतेची वाटते.

फेइलाई फेंगच्या कपारींत आणि गुहांच्या तोंडाशी तीनशेहून अधिक मूर्ती कोरलेल्या आहेत. त्यांतील सर्वांत जुन्या ज्ञात मूर्तींवर ९५१ सालचा लेख आहे, आणि त्यानंतर सोंग व युआन राजवटींच्या काळात हे काम चालू राहिले. कार्ले, वेरूळ, अजिंठा पाहून आलेल्या मराठी माणसाला इथे एक फरक फार लवकर जाणवतो. आपल्याकडे शिल्पकाराने अखंड काळ्या पाषाणात पोकळी स्वतः निर्माण केली, खांब, छत, चैत्यकमान सगळे आखून कोरले. इथे पोकळी पाण्याने आधीच तयार करून ठेवली होती. शिल्पकार तिच्यातून हिंडला आणि जिथे खडक सपाट व टणक मिळाला तिथे त्याने मूर्ती कोरली. त्यामुळे या मूर्ती एका रांगेत, एका आराखड्यात येत नाहीत. वेलींच्या आड, झऱ्याच्या वर, गुहेच्या वळणावर त्या अचानक भेटतात.

सगळ्यांचे छायाचित्र निघते ते दक्षिण सोंग काळातील (बारावे-तेरावे शतक) हसऱ्या मैत्रेयापाशी, म्हणजे भावी बुद्धापाशी. मोठे पोट, उघडी छाती, हातात जपमाळ आणि भोवती अठरा अर्हत, म्हणजे मुक्ती मिळवलेले बुद्धशिष्य. ही मूर्ती प्रसन्न आहेच, पण मला अधिक वेळ थांबावेसे वाटले ते दोन ठिकाणी. एक म्हणजे युआन काळातील तिबेटी वळणाच्या मूर्ती. मंगोलांच्या राज्यात, तेराव्या शतकाच्या अखेरीस, वज्रयान या तांत्रिक बौद्ध पंथाच्या देवता इथे कोरल्या गेल्या. त्यांत सिंहावर बसलेला उत्तर दिशेचा रक्षक वैश्रवण आहे आणि तारा ही देवी आहे. औरंगाबादच्या लेण्यांत तारेची मूर्ती पाहिलेली असल्यामुळे तिची इथली ठेवण, कंबरेचा बाक आणि मुकुट पाहताना ओळखीचे काही सापडत होते आणि चेहरा मात्र पूर्ण वेगळा होता. दुसरे ठिकाण म्हणजे लोंगहोंग गुहेच्या तोंडाशी असलेला एक शिल्पपट. भारतातून ग्रंथ घेऊन निघालेले भिक्षू आणि सोबत घोडा, असा तो देखावा आहे, आणि त्यात ह्युएन त्संगही आहे. सातव्या शतकात हाच प्रवासी महाराष्ट्रात येऊन गेला होता, पुलकेशीच्या राज्यातील लोकांबद्दल त्याने लिहून ठेवले आहे, आणि त्याने वर्णन केलेला डोंगरातील विहार म्हणजे अजिंठा असावा असे अभ्यासक मानतात. बाईंना मी हे सांगितले तेव्हा त्या थांबल्या, वहीत नोंद केली आणि पुढच्या वेळी मराठी पाहुणे आले की मी हे सांगेन, असे म्हणाल्या.

माझे स्पष्ट मत असे आहे की सहलींच्या आखणीत या डोंगराला अर्धा तास आणि मंदिराला दोन तास दिले जातात, ते प्रमाण उलट असायला हवे. मंदिराच्या इमारती वारंवार जळाल्या, मोडल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या; डोंगरातल्या मूर्ती मात्र कोरल्या तेव्हापासून त्याच जागी आहेत.

मंदिराच्या दारावर कांगशी सम्राटाच्या हस्ताक्षराची पाटी आहे. त्याने मंदिराला "युनलिन" असे नाव दिले, पण लोकांनी ते कधी स्वीकारले नाही आणि सम्राटाच्या पाटीखालून आत जाताना आजही सगळे लिंगयिनच म्हणतात. दाराशी प्रत्येकाला उदबत्तीच्या तीन काड्या विनामूल्य मिळतात, आणि बाहेरून उदबत्त्या आणण्यास मनाई आहे. पूर्वी मोठमोठ्या जुड्या जाळण्याची जी चढाओढ चाले, ती या एका नियमाने थांबली आणि अंगणात श्वास घेता येऊ लागला, असे बाई म्हणाल्या. तीन काड्या बुद्ध, धर्म आणि संघ यांच्यासाठी. दिव्यावर पेटवायच्या, फुंकर मारायची नाही, दोन्ही हातांनी कपाळापाशी धरायच्या आणि चारही दिशांना वाकून धूपपात्रात रोवायच्या. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, तो ओलांडायचा, हे आम्हाला वेगळे सांगावे लागले नाही.

पहिले दालन चार दिक्पालांचे. मैत्रेयाच्या पाठीमागे उभा असलेला स्कंद, मंदिराचा रक्षक, ज्याला इथे वेइतुओ म्हणतात, दक्षिण सोंग काळातील असून कापराच्या झाडाच्या लाकडात कोरलेला आहे, आणि बाईंच्या मते मंदिरातील लाकडी मूर्तींत तोच सर्वांत मौल्यवान. मुख्य दालनासमोर दहाव्या शतकातील दोन दगडी स्तूप आहेत. ते मात्र लोक न पाहताच पुढे जातात. आतली शाक्यमुनींची मूर्ती तुलनेने अलीकडची, १९५० च्या दशकात कापराच्या लाकडाचे चोवीस मोठे भाग जोडून घडवलेली आणि सोन्याने मढवलेली. पीठासह तिची उंची २४.८ मीटर आहे. मान पूर्ण मागे टाकल्याशिवाय चेहरा दिसत नाही, आणि दिसला की आवाज आपोआप खाली येतो. माओच्या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात हे सगळे नष्ट होण्याची वेळ आली होती, तेव्हा पंतप्रधान चौ एन-लाय यांच्या हस्तक्षेपाने मंदिर वाचले. मूर्तीच्या मागच्या बाजूला करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर, म्हणजे इथली ग्वानयिन, समुद्रातल्या बेटावर उभी आहे आणि तिच्याभोवती ज्ञानाच्या शोधात गुरूंमागून गुरूंकडे गेलेल्या सुधनाची यात्रा छोट्या छोट्या आकृतींत रचलेली आहे. पाचशे अर्हतांचे ब्राँझचे पुतळे असलेले दालन मी पटकन पाहिले. त्याची इमारत वरून पाहिल्यास स्वस्तिकाच्या आकाराची आहे आणि प्रत्येक चेहरा वेगळा आहे, इतके इथे पुरे.

दुपारचे जेवण मंदिराच्या आवारातच घेतले. भिक्षूंच्या स्वयंपाकात मांस, मासे, अंडी नसतातच, शिवाय कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे चीनमध्ये आल्यापासून प्रत्येक ताटाबद्दल विचारणा करणाऱ्या मला इथे काहीही विचारावे लागले नाही. वाडगाभर गरम नूडल्स, वर शिताके अळिंबी, बांबूचे कोवळे कोंब आणि टोफू. चव सौम्य होती, आणि जेवणानंतर चहा प्यायचा असेल तर तोंडात तिखट-मसाल्याची चव रेंगाळू नये, हा बाईंचा सल्ला मला पटला.

जेवणानंतर मेइलिंग रस्त्याने, बोगद्यातून पलीकडे, मेइजियावू गावाला निघालो. लोंगजिंगची जी पाच पारंपरिक ठिकाणे सांगतात, म्हणजे शीफेंग, लोंगजिंग, युनछी, हुपाओ आणि मेइजियावू, त्यांतले हे एक. वाटेत बाईंनी बियानत्साई या भिक्षूची हकिकत सांगितली. अकराव्या शतकात तो वरच्या तिआनझू मंदिराचा प्रमुख होता. १०७९ मध्ये निवृत्त होऊन तो लोंगजिंगच्या डोंगरात राहायला गेला आणि तिथे चहाची लागवड त्याने वाढवली असे मानतात. कवी सू दोंगपो त्याला भेटायला येई. मंदिरातला चहा डोंगरात कसा गेला याचे उत्तर इतके सरळ असेल असे मला वाटले नव्हते.

गावात दोन्ही बाजूंना पांढऱ्या भिंतींची घरे आणि त्यांच्या मागून थेट वर चढत गेलेले मळे. तोडणी जोरात चालू होती. कमरेला बांबूची टोपली, डोक्यावर रुंद टोपी घातलेल्या बायका ओळीओळीने सरकत होत्या. त्यांतल्या अनेक जणी शेजारच्या प्रांतांतून केवळ या काही आठवड्यांसाठी येतात. आम्हाला खुडून पाहण्याची परवानगी मिळाली. एक कळी आणि तिच्यालगतचे एक पान, फार तर दोन. नखाने चिमटायचे नाही, कारण चिमटलेला देठ काळा पडतो. बोटांच्या पेरांत धरून हलकेच वर उचलायचे, मग देठ स्वतःहून तुटतो. माझ्या टोपलीचा तळ झाकेपर्यंत शेजारच्या बाईंची टोपली अर्धी झाली होती. एक किलो तयार चहासाठी चार ते पाच किलो ओली पाने लागतात, आणि एवढ्या पानांत कळ्या किती असतील याचा अंदाज केला की किमतीबद्दलची तक्रार कमी होते. छिंगमिंगपूर्वीच्या कळ्यांना मोल का, याचेही कारण आहे. थंडीत विसावलेल्या झाडाच्या पहिल्या कोंबांत अमिनो आम्ले जास्त असतात, त्यामुळे गोडवा येतो. ऊन वाढले की कॅटेचिन नावाची तुरट द्रव्ये वाढतात आणि चहा तुरट होत जातो.

गावातल्या एका घराच्या अंगणात पाने बांबूच्या सुपांवर पातळ पसरलेली होती. काही तास ती अशीच राहतात, थोडे पाणी उडते, हिरवा उग्र वास जातो, आणि मग कढईची पाळी येते. घरचे आजोबा कढईसमोर स्टुलावर बसले. कढई विजेवर तापते. लाकडाचा जाळ आता राहिलेला नाही. त्यांनी आतून वनस्पतिजन्य मेणाचा हलका हात फिरवला, मूठभर पाने टाकली आणि उघड्या तळव्याने काम सुरू केले. आधी उचलून झटकणे, कारण वाफ बाहेर पडली पाहिजे. मग तळव्याने कढईच्या अंगाला दाबत वर सरकवणे, हातात घेऊन सरळ करणे, पुन्हा दाबणे. परंपरेत अशा दहा हालचाली सांगितल्या आहेत आणि प्रत्येकीला नाव आहे. बघता बघता गुंडाळलेली पाने चपटी, सरळ, गुळगुळीत होत गेली. सुरुवातीला नुसता गवताचा वास होता, आणि काही मिनिटांनी अचानक शेतात हुळा भाजताना येतो तसा खमंग वास अंगणभर पसरला.

हे सगळे उष्णतेचे काम आहे. पान खुडल्यावर त्यातील विकरांमुळे (एन्झाइममुळे) ते हवेच्या संपर्काने तपकिरी होऊ लागते. आपला आसामचा चहा काळा होतो तो ही क्रिया पूर्ण होऊ दिल्यामुळे. इथे कढईची उष्णता विकरांना तिथेच थांबवते आणि पान हिरवे राहते. पहिल्या भाजणीनंतर चहा थोडा वेळ गार करून मुरू देतात आणि मग दुसरी, मंद भाजणी करतात. आजोबांनी मला तळवे दाखवले. कातडी जाड आणि चकचकीत झाली होती, आणि मोसमाच्या पहिल्या दिवसांत अजूनही फोड येतात असे ते म्हणाले. हाताने दिवसभर भाजले तरी तयार चहा जेमतेम किलोभर निघतो, म्हणून आता बहुतेक चहा यंत्रावर भाजला जातो आणि हाताचा चहा थोड्याच घरांत उरला आहे. चीनच्या पारंपरिक चहा-प्रक्रियेला २०२२ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले त्यात ही कढईही आहे. पण या घरातली पुढची पिढी कढईसमोर बसेल का, या प्रश्नावर आजोबा काही बोलले नाहीत.

चहा पिण्यासाठी उंच काचेचे पेले होते. किटली किंवा झाकणाचा वाडगा नाही, कारण लोंगजिंग पाहायचाही असतो. पेले गरम पाण्याने विसळले, प्रत्येकात सुमारे तीन ग्रॅम चहा टाकला. पाणी उकळून साधारण ८० ते ८५ अंशांवर येऊ दिलेले. आधी पाव पेला पाणी ओतून पेला हळू फिरवला आणि आम्हाला वास घ्यायला सांगितले. मग किटली तीन वेळा वर-खाली करत धार सोडली आणि पेला पूर्ण न भरता वर जागा ठेवली. कळ्या आधी तरंगल्या, मग देठ खाली करून उभ्या राहिल्या आणि एकेक करून तळाशी गेल्या. तोवर थांबायचे.

पहिल्या घोटात मला फार काही लागले नाही, हे मी मोकळेपणाने सांगितले. दूध-साखरेच्या कडक चहावर वाढलेल्या जिभेला इथे पकडायला काही सापडत नाही. बाई म्हणाल्या, "गिळू नका, जिभेवर थोडे थांबवा, आणि मग श्वास नाकाने सोडा." तसे केल्यावर भाजलेल्या दाण्याचा वास आणि त्यामागून सावकाश येणारा गोडवा लक्षात आला. पेल्यात एक तृतीयांश चहा शिल्लक असतानाच वरून पाणी घालतात, म्हणजे पुढचा पेला फिका पडत नाही. मला दुसरा पेला सर्वांत आवडला. मग त्याच घरातील दोन जाती शेजारी ठेवून प्यायलो. "लोंगजिंग ४३" ही निवड पद्धतीने तयार केलेली जात लवकर फुटते, पाने एकसारखी आणि हिरवी. जुन्या बियाण्यापासून वाढलेली झाडे उशिरा फुटतात, पाने लहान-मोठी आणि पिवळसर. दिसायला पहिली सुबक, पण चव जुन्या झाडांची अधिक खोल आणि घशात टिकणारी. कोणी विचारले तर मी बिनदिक्कत जुनी जात सुचवीन.

खरेदीचा भाग मात्र सांभाळून करण्यासारखा आहे. सहलीत पुढे आम्हाला ज्या दुकानात नेले, तिथे चव दाखवून झाल्याबरोबर डबे समोर आले आणि घेतल्याशिवाय उठणे अवघड व्हावे असा आग्रह सुरू झाला. तिथे आम्ही काही घेतले नाही. २००१ मध्ये "पश्चिम सरोवराचा लोंगजिंग" या नावासाठी १६८ चौरस किलोमीटरचे क्षेत्र ठरवण्यात आले, आणि त्याबाहेर पिकलेल्या लोंगजिंगला ते नाव लावता येत नाही. खऱ्या पाकिटावर उगम तपासता येणारे चिन्ह असते, ते मोबाइलने वाचून पाहावे. पाने पेल्यात उमलल्यावर अखंड कळ्या दिसल्या पाहिजेत. फार एकसारखा, गडद हिरवा रंग असेल तर विचारणा करावी. आम्ही परत आजोबांच्या घरी जाऊन जुन्या जातीचा, छिंगमिंगपूर्वीचा शंभर ग्रॅम चहा घेतला. त्यांनी तो कागदात बांधताना सांगितले की पूर्वी अशी पुडी कळीच्या चुन्याच्या ढेकळांसोबत मातीच्या रांजणात ठेवत, म्हणजे ओल शोषली जाई. आता घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये, इतर वासांपासून दूर ठेवायची आणि वर्षाच्या आत संपवायची. मुंबईच्या दमट हवेत डबा उघडून लगेच बंद करावा, ही पुस्ती मी माझ्याकडून जोडते.

पुन्हा गेले तर मी वाहनाने जाणार नाही. वरच्या तिआनझू मंदिराच्या बाजूने डोंगराच्या धारेवर चढणारी जुनी पायवाट चहाच्या गावांच्या माथ्यावरून जाते. बियानत्साईही याच डोंगरातून गेला असणार. सकाळी फेइलाई फेंगला पुरेसा वेळ द्यायचा, मंदिरात जेवायचे आणि मग पायी उतरून मळ्यात पोहोचायचे, एवढा बदल केला तर हा दिवस मार्गदर्शकासह किंवा त्याशिवायही आरामात होतो. फक्त पायात चढणीचे बूट हवेत आणि महिना मार्च-एप्रिलचा हवा.